चौथ्या पुस्तकाचं कोरं पान

कॅनॉलला पाणी सुटलं की आधी टेलच्या शेतकऱ्याची पाळी, म्हणजे कॅनॉलच्या पार शेवटी ज्याचं रान आहे त्याची, आणि मग वर सरकत सरकत हेडच्या शेतकऱ्याची, असा नियम आहे. नियम आहे एवढंच मी म्हणते. पाळतात की नाही ते मला विचारू नका, माझंही रान हेडलाच आहे. पण आम्ही पाच जणांनी हा नियम वर्षानुवर्षं अगदी इमानानं पाळला. पाण्यासाठी नाही, पुस्तकासाठी.

आम्ही पाचही जण एकाच लेखकाचे वेडे. विज्ञान कादंबऱ्या लिहिणारा माणूस. त्याच्या पहिल्या तीन कादंबऱ्या आल्या तेव्हा बारामतीच्या दुकानात एकच प्रत यायची आणि ती आमचे सर पळवायचे. सर म्हणजे कॉलेजात फिजिक्स शिकवणारे. एक प्रत, पाच माणसं, आणि प्रत्येकाला ती आधी हवी. शेवटी सरांच्याच डोक्यातून निघालं की टेलपासून सुरुवात करायची. टेलला खरं तर इंदापूरच्या एक शिक्षिकाबाई होत्या, पण वालचंदनगरचे तात्या वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून बाईंनी आपली पहिली पाळी त्यांना दिली. मग बाई, मग कळंबचे ऊसवाले भाऊ, मग सर, आणि सगळ्यांच्या शेवटी कन्हेरीची मी. आता फोनवर बोट टेकवलं की पुस्तक दारात येतं, पण आम्ही पद्धत मोडली नाही. पुस्तक कधी एसटीच्या ड्रायव्हरजवळ, कधी दुधाच्या गाडीत यायचं, एकदा तर कुणाच्या तरी लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात आलं. माझ्या हाती पडेपर्यंत त्याला डिझेलचा, पेंडीचा आणि सरांच्या घरच्या उदबत्तीचा वास लागलेला असायचा.

प्रत्येकाला पंधरा दिवस. वाचून झालं की मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं दोन ओळींत मत लिहायचं आणि पान आत दुमडायचं. पुढच्यानं पुस्तक संपल्याशिवाय ते पान उघडायचं नाही. सगळ्यांत वर तात्यांचं मत. तात्या कारखान्यात पस्तीस वर्षं लेथवर टर्नर होते, म्हणजे लोखंड कातून सुटे भाग करायचे, पण त्यांची भाषा पाण्याचीच. आवडलं तर "पाणी टेलला पोचलं." बरं वाटलं तर "ओल हाय." नाही आवडलं तर "मधीच जिरलं." बस. खाली सर अर्धं पान भरून लिहायचे, पण सगळ्यांना खरी उत्सुकता तात्यांच्या त्या दोन-तीन शब्दांची.

आता एक कबुली देऊन टाकते. मी ते पान आधी उघडायची. पहिल्यापासून. माझी रोपांची नर्सरी आहे, मिरची, टोमॅटो, झेंडू. दुपारी कामाच्या बायका जेवायला बसल्या की मी उलट्या क्रेटवर बसून वाचायची, आणि वाचायला घ्यायच्या आधी हात हटकून मागच्या पानाकडं जायचा. तात्यांनी "पोचलं" लिहिलं असेल तर पहिल्या ओळीपासून मला पुस्तक झकास वाटायचं. "जिरलं" असेल तर मी त्यात खोड्या काढत बसायची. मग खाली माझं मत लिहायची, तात्यांचंच, फक्त शब्द जरा शहरी. आणि वरून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांत ठासून बोलायची तीही मीच. नाकानं कांदे सोलायची नुसती.

तीन कादंबऱ्यांनंतर आमच्या लेखकानं काय केलं, तर टीव्हीवर एक अंतराळातली मालिका लागायची, तिची पुस्तकं लिहायला घेतली. मालिकेतलंच यान, मालिकेतलीच माणसं, कव्हरवर हिरोचा मेकअप केलेला चेहरा. गोष्टी नवीन, पण जग दुसऱ्याचं. सरांचा पारा चढला. त्यांचं म्हणणं, ज्या माणसानं यानात पिण्याचं पाणी कसं गाळतात त्यावर पंधरा पानं लिहिली, तो आता विनाकारण गुरुत्वाकर्षण असलेल्या यानात नट-नट्यांना पळवतोय. ही ऑर्डरची पुस्तकं आहेत, ही त्याची धरायचीच नाहीत. इंदापूरच्या बाई सरांच्या बाजूला, त्यांना ते कव्हर वर्गात न्यायची लाज वाटायची. कळंबचे भाऊ एकदम उलट. ते उसाला पाणी देता देता फोनवर मालिका बघणारे. त्यांनी एक गोष्ट हेरली होती. मालिकेत एक म्हातारा मेकॅनिक आहे, पूर्ण भागात एखादं वाक्य बोलतो आणि पाना घेऊन निघून जातो. लेखकानं पुस्तकात त्या म्हाताऱ्यालाच धरून ठेवलंय, असं भाऊ सांगायचे. कॅमेरा हिरोवर असतो तेव्हा हा काय करतो, ते सगळं पुस्तकात आहे म्हणे.

आणि मी? मी तात्यांच्या बाजूला. पहिल्या पुस्तकावर तात्यांनी "मधीच जिरलं" लिहिलं, मग मी दोन महिने मालिकेला शिव्या दिल्या. दुसऱ्यावरही तेच. तिसऱ्यावर "ओल हाय" आलं, तर मला लगेच त्या पुस्तकात ओल दिसायला लागली. भाऊ ग्रुपवर खुशीत आले, सरांनी मात्र माझं मत बघून विचारलं की गेल्या वेळी तुम्ही याच्या बरोबर उलट लिहिलं होतंत ना. मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली.

मग मालिकेचं चौथं पुस्तक आलं. सवयीनं मागचं पान उघडलं तर वरची जागा कोरी. खाली बाईंचं, भाऊंचं, सरांचं, सगळ्यांचं होतं. तात्यांचं नव्हतं. पेन्सिल टेकवून उचलल्याचा एक बारीक ठिपका तेवढा होता.

काय सांगू, माझ्या डोक्याचं पार दही झालं. पहिल्यांदाच मी एखादं पुस्तक तात्यांचं मत न बघता वाचत होते, आणि मला ते बरं आहे की वाईट हेच कळेना. त्यात एक स्फोट आहे. मालिकेत तो धडामकन ऐकू येतो, पण अंतराळात आवाज जात नाही, हे आमच्या लेखकाला पक्कं माहीत. मग त्यानं काय केलं, तर म्हातारा मेकॅनिक यानातल्या पाइपला हात लावून उभा असतो आणि त्याला स्फोट हाताला कळतो, असं लिहिलं. सरांनी लिहिलं होतं की ही निव्वळ ठिगळपट्टी आहे. ते वाचलं, पटलं. वरती भाऊंनी लिहिलं होतं की असं सुचायला डोकं लागतं. तेही पटलं. मी पुस्तक दोनदा वाचलं. शेवटी म्हातारा मागं राहतो आणि यान निघून जातं, ते दोन्ही वेळा वाचलं आणि दोन्ही वेळा उठून रोपांना पाणी मारायला गेले. मत काही सुचेना.

इकडं ग्रुपवर त्या कोऱ्या जागेवरून रणकंदन. सर म्हणाले, तात्यांना इतका वीट आला की त्यांनी लिहायचंही टाळलं. भाऊ म्हणाले, तात्या भारावून गेले असणार. आठवडाभर आम्ही कोऱ्या कागदाचा अर्थ लावत होतो. तात्यांकडं साधा फोन, त्यामुळं ते ग्रुपवर नाहीत. सरांनी शेवटी ठराव मांडला की पाचवं पुस्तक आणायचंच नाही. मालिकेची पुस्तकं आमच्या पाळीतून बंद, लेखकानं स्वतःचं काही लिहिलं तर बघू. सर आणि बाई एका बाजूला, भाऊ दुसऱ्या. राहिले तात्या आणि मी. सरांनी तात्यांना फोन केला, तर ते "बगतो" म्हणाले आणि ठेवून दिला. मला सर म्हणाले, पुस्तक तुमच्याकडेच आहे, तुम्हीच जाऊन त्यांचं मत एकदा तोंडी विचारून या. मला तर ते हवंच होतं. तात्या काय म्हणतात ते कळल्याशिवाय मी कुणाच्या बाजूनं हात वर करू?

रविवारी रोपांचा टेम्पो कळंबला जायचा होता, त्यातच बसले आणि वालचंदनगरला उतरले. तात्यांचा मुलगा कंपनीत आहे, त्याच्या क्वार्टरमध्ये तात्या आणि त्यांची बायको, आमच्या काकू, राहतात. काकूंनी दार उघडलं. तात्या आत कॉटवर बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले तरी ते माझ्या खांद्याच्या बाजूला कुठंतरी बघत होते.

"मधलं दिसत न्हाय, पोरी," ते म्हणाले. "कडंचं दिसतं. तुझ्या पिशवीचा बंद दिसतोय, तोंड न्हाय दिसत."

काकूंनी सगळं सांगितलं. इंदापूरला आणि पुण्याला दाखवून झालं होतं, गेलेलं परत यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमच्यापैकी कुणाला त्यांनी कळवलं नव्हतं. चौथं पुस्तक आलं तेव्हा मुलाला शिफ्टमुळं सवड नाही म्हणून काकूंनी वाचून दाखवायला घेतलं. काकू चौथी शिकलेल्या, अक्षराला अक्षर लावत वाचणार, दिवसाला दोन-तीन पानं. पंधरा दिवसांत चाळिसाव्या पानापर्यंत आल्या. पंधरा दिवस झाले म्हणून तात्यांनी पुस्तक इंदापूरला पाठवून दिलं. आणि अर्ध्या पुस्तकावर मत लिहायचं कसं, म्हणून जागा कोरी सोडली. एवढंच होतं ते. आम्ही शहाणे आठवडाभर त्यात काय काय शोधत होतो.

मी त्यांना सरांचा ठराव सांगितला. सर या पुस्तकांना ऑर्डरची म्हणतात, दुसऱ्याच्या गोष्टीवर लिहिलेली, म्हणून ती लेखकाची नाहीत म्हणतात, हेही सांगितलं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की पाळी बंद झाली तर या घरी यापुढं पुस्तकच येणार नाही. लेखकाचं स्वतःचं नवीन काही येण्याची चिन्हं नव्हती. तात्यांकडं आता वाचायला डोळे नव्हते, ऐकायलाही पुस्तक राहणार नव्हतं. काकू हातातलं भांडं तसंच धरून उभ्या होत्या.

 तात्या म्हणाले, "मी पस्तीस वर्सं दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम केलं. माप त्यांचं, माल त्यांचा, नाव त्यांचं. पर ते काम माझं न्हवतं व्हय?"

 मी म्हटलं, मग पहिल्या दोन पुस्तकांवर तुम्हीच "जिरलं" लिहिलंत ना. तर ते म्हणाले, जिरलं होतं म्हणून लिहिलं, ऑर्डरचं होतं म्हणून नाही. नवीन जॉब, म्हणजे नवा सुटा भाग, करायला घेतला की पहिल्या खेपेला कुणाचाच हात बसत नाही. आणि मग त्यांनी मला विचारलं की तुला चौथं कसं वाटलं.

झालं. आता पळायला जागा नव्हती. मी सांगून टाकलं की मला कळलंच नाही, कारण तुम्ही काही लिहिलं नव्हतं. मी पान आधी उघडते, तुमचं वाचते आणि मग पुस्तक वाचते, आजवर सगळ्याच पुस्तकांना असंच केलं. काकूंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं तात्या आता चिडणार, पण त्यांना हसू आलं. म्हणाले, म्हणजे इतकी वर्षं मीच दोनदा मत देत होतो म्हण की. मग कॉटवर सरकून त्यांनी मला जागा केली आणि सांगितलं, काढ पुस्तक, चाळीसच्या पुढनं वाच.

सकाळी अकराला वाचायला बसले. पुस्तक तसं लहान, पण मोठ्यानं वाचायची सवय नाही, घसा कोरडा पडायचा. मध्ये काकूंनी पिठलं-भाकरी वाढली. स्फोटाचं पान आलं तेव्हा तात्यांनी मला थांबवलं आणि सांगितलं की बेअरिंग खराब झालंय का ते बघायला ते स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचे आणि मूठ कानाला. वर्कशॉपमध्ये एवढा गोंगाट, पण आतलं बरोबर ऐकू यायचं. लेखकाला हे कुणीतरी सांगितलं असणार, नाहीतर त्यानं स्वतः करून बघितलं असणार, असं ते म्हणाले. सरांची ठिगळपट्टी माझ्या डोळ्यांसमोर आली. मला परत काही कळेना झालं.

चहाच्या वेळेला शेवटचं पान आलं. गोष्ट अशी की स्फोटाच्या उजेडानं म्हाताऱ्या मेकॅनिकचे डोळे गेलेत. यान अंतराळ स्थानकापासून सुटायचं तर एक झडप कुणीतरी स्थानकाच्या आतून हातानं दाबून धरायला हवी. तो म्हणतो, मला बघायची गरज नाही, मी धरतो, तुम्ही निघा. घरी क्रेटवर बसून वाचताना दोन्ही वेळा मला इथं उठून रोपांकडं जाता आलं होतं. पण आता समोर तात्या बसलेले, नजर माझ्या खांद्याच्या बाजूला, मान जरा वाकडी करून ऐकणारे. पुढच्या ओळी मला दिसत होत्या आणि तोंडातून येईनात.

मग मी आगाऊपणा केला. पुस्तकात नसलेलं वाचलं. म्हटलं, "यान फिरलं. सगळे परत आले. त्यांनी त्याला हाताला धरून आत घेतलं." आणि पुस्तक मिटलं.

काकूंनी बरं झालं बाई म्हणून सुस्कारा सोडला. तात्या हलले नाहीत.

"हे त्यानं लिवलेलं न्हाय," ते म्हणाले.

काकू म्हणाल्या, राहू द्या की, आले तर आले.  तात्या माझ्याकडं वळले.

"झडप सोडली तर यान सुटंल कसं? आन् सुटलेलं यान फिरून आलं, तर त्या माणसानं धरून काय उपेग? हातात घेतलेलं काम असं अर्ध्यात सोडनारा लेखक न्हाय तो. ही तीन वाक्यं तुजी हायत. खरं वाच."

मी पुस्तक उघडलं. खरं होतं ते वाचलं. "त्यानं पाइपवर हात ठेवला. यान सुटल्याचं त्याला हाताला कळलं. तो तसाच उभा राहिला."

तात्यांनी परत वाचायला सांगितलं. मी परत वाचलं. काकू उठून आत गेल्या आणि उगाचच नळ सोडून उभ्या राहिल्या. तात्या म्हणाले, आता मागचं पान काढ आणि वर माझ्या जागेवर लिही. मी पेन्सिल घेतली. त्यांनी सांगितलं तसं, त्या ठिपक्यापासून सुरुवात करून लिहिलं, "पाणी टेलला पोचलं." मग म्हणाले, खाली तुझं लिही, मला वाचून दाखवू नको. मी पेन्सिल धरून बसून राहिले. शेवटी लिहिलं, "मला हा शेवट नको होता." दुसरं काही लिहिता आलं नाही. ते तात्यांच्या मतासारखं नव्हतं, सरांच्याही नाही, भाऊंच्याही नाही. ते बरोबर आहे की चूक, हे मला आजही सांगता येणार नाही.

येताना स्टँडवरून सरांना फोन केला. तात्यांच्या डोळ्यांचं सांगितलं, तेव्हा ते नुसतं अरेरे म्हणाले. पुस्तकं चालू ठेवायला तात्यांचं मत आणि माझंही, असं सांगितलं. मी काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. सर वैतागले. शेवट आवडला नाही म्हणता आणि पुस्तकं चालू ठेवा म्हणता, मग तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूच्या?

"सर, ते मला कळत नाही," मी म्हटलं. "पण तात्यांना डोळ्यांनी दिसत नाही आणि मी घुसडलेली तीन वाक्यं त्यांनी जागच्या जागी धरली. पुस्तक त्या लेखकाचं नसतं, तर माझी वाक्यं त्यात खपून गेली असती."

 एसटी लागली, लोक चढायला लागले. मग सरांनी एवढंच विचारलं की पाचवं आलं की वालचंदनगरला कोण घेऊन जाणार. मी म्हटलं, मी.

पाचवं आलं, आता सहावंही आलंय. दर रविवारी मी जाते, तात्या आणि काकू ऐकतात. पुस्तक संपलं की आधी मी लिहायचं, असा तात्यांचा नवीन नियम आहे. मी लिहून पान दुमडेपर्यंत ते आपलं मत मला सांगत नाहीत. मला ऐकू जाऊ नये म्हणून ते काकूंच्या कानात सांगतात.